गाडी पंधरा वर्षांची, शाळा चार वर्षांची

मनावर हे मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातले, निमाडातले गाव. मान नदीकाठचे, कापूस-मिरचीच्या बाजाराचे, २०११च्या जनगणनेत तीस हजारांच्या घरात वस्ती असलेले. गावाला रेल्वे नाही, सरकारी एसटी नाही. धार साधारण सत्तर किलोमीटर, इंदूर सव्वाशेच्या आसपास, आणि दोन्हीकडे जायचे तर विंध्याचा घाट चढावा लागतो. अशा गावात मूल शाळेत घालायचे ठरले की दुसरा प्रश्न त्याच संध्याकाळी निघतो: न्यायचे-आणायचे कशाने?

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घरात वेगळे निघते. त्याहून त्रासाचे हे की एकाच घरात ते दर तीन-चार वर्षांनी बदलते. बालवाडी गल्लीच्या टोकाला असते, आजोबा बोट धरून सोडून येतात. पहिलीला नाव घातलेली शाळा गावाबाहेर, पाच-सहा किलोमीटरवर निघते. सहावीत मूल उंच होते आणि दप्तर जड. नववी-दहावीत शाळेआधी एक शिकवणी, शाळेनंतर दुसरी. अकरावीला मूल इंदूरला जाते आणि मोठ्या हौसेने घेतलेली गाडी अंगणात धूळ खात उभी राहते.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. कर्जाचे हप्ते पाच ते सात वर्षे चालतात. शाळेचा एकेक टप्पा मात्र तीन-चार वर्षांत सरतो. हप्ते फिटायच्या आत गरज दोनदा पालटलेली असते. तरीही बहुतेक घरे गाडी घेतात ती सरत आलेल्या टप्प्यासाठी: स्कूटरवर पोरगे मावेनासे झाले म्हणून मोटार येते, आणि मोटार दारात येईतो पोरगे सायकलवर जाण्याएवढे झालेले असते.

गंमत अशी की या प्रश्नाची निम्मी हत्यारे याच जिल्ह्यात घडली. धार जिल्ह्यातल्या पीथमपूरमध्ये १९८०च्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि पुण्या-नगरच्या मराठी कारखानदारीशी तिची नाळ जुळली. अहमदनगरमध्ये १९७२ पासून लूना बनवणाऱ्या फिरोदियांच्या कायनेटिकने होंडाशी १९८४ मध्ये भागीदारी केली आणि कायनेटिक होंडा ही स्कूटर पीथमपूरला तयार होऊ लागली. तोवर कुटुंबाची दुचाकी म्हणजे बजाज. तिचे गिअर मुठीत, किक पायाशी, आणि ती चालवणार घरचा कर्ता. कायनेटिक होंडाला गिअर नव्हते आणि बटण दाबले की ती सुरू होई. जाहिराती काहीही सांगोत, तिचा खरा परिणाम शाळेच्या फाटकावर दिसला. साडी नेसलेली आई स्वतः गाडी चालवत मुलाला सोडायला येऊ लागली. पुढे स्कूटी आणि २००१ मध्ये अ‍ॅक्टिव्हा आली, आणि आज शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभ्या असलेल्या दुचाक्यांत बिनगिअरच्यांची संख्या मोजण्यापलीकडे गेली आहे.

दुसरे पीथमपुरी वाहन त्याहून दणकट. १९५८ मध्ये सुरू झालेल्या बजाज टेंपोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, इथे ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलर बनवायला घेतल्या. ट्रॅक्सच्याच कुळातली ‘तूफान’ ही झाबुआ-धार-बडवानीच्या रस्त्यांवर इतकी रुळली की गाडीचे नाव सामान्यनाम झाले. लग्नाचे वऱ्हाड तूफानने जाते, आठवडी बाजार तूफानने होतो आणि आसपासच्या पाड्यांतली मुले मनावरच्या शाळेतही तिनेच येतात. आयशरच्या बसही पीथमपूर परिसरातल्याच, त्यांतल्या कित्येक पिवळ्या रंगाच्या. जवळच ‘नॅट्रॅक्स’ या वाहनचाचणी केंद्राची ११.३ किलोमीटरची अतिवेगवान धावपट्टी २०२१ मध्ये सुरू झाली. ज्या जिल्ह्यात गाडीचा कमाल वेग मोजायला अशी धावपट्टी आहे, तिथे शाळेची बस ताशी चाळीसच्या वर जाऊ नये म्हणून न्यायालयाला सांगावे लागते. त्याची कथा पुढे येईलच.

चारचाकीकडे वळताना १९८३ सालचा एक योगायोग सांगण्याजोगा आहे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकेत क्रायस्लरने मिनीव्हॅन रस्त्यावर आणली. मुले, दप्तरे, खेळाचे सामान आणि शेजाऱ्यांची दोन पोरे एकदम बसतील अशी ही बुटकी, लांब गाडी. तिथल्या आयांनी ती उचलून धरली आणि शाळेची ने-आण हीच तिची ओळख झाली. महिनाभरात, १४ डिसेंबर १९८३ रोजी, भारतात मारुती ८००ची पहिली चावी मालकाच्या हाती पडली. लगोलग १९८४ मध्ये मारुतीची व्हॅन आली, तीच पुढे ओम्नी झाली. अमेरिकेत व्हॅन घराची झाली. आपल्याकडे ती ‘व्हॅनकाकां’ची झाली. घरासाठी आठशे आणि शाळेसाठी कुणा दुसऱ्याची ओम्नी, अशी वाटणी होऊन बसली ती ३५ वर्षे टिकली. अपघातसुरक्षेचे नवे निकष पेलवणार नव्हते म्हणून २०१९ मध्ये ओम्नी बंद झाली आणि तिची जागा ईकोने घेतली.

कुटुंबाच्या गाडीचा सर्वांत गाजलेला भारतीय प्रयोगही शाळकरी वयाच्या मुलांच्याच दृश्यातून निघाला. पावसात एका स्कूटरवर आई-वडील आणि मुले जाताना पाहिली, तिथून नॅनोची कल्पना सुचली, असे रतन टाटा सांगत. मार्च २००९ मध्ये ती बाजारात आली, २०१८ मध्ये उत्पादन थांबले. ती का चालली नाही यावर व्यवस्थापनशास्त्राची पुस्तके झाली. शाळेच्या अंगाने पाहिले तर एक साधी खोट डोळ्यात भरते: सुरुवातीच्या नॅनोची डिकी मागून उघडतच नसे. सामान ठेवायचे तर मागची सीट पाडायची. त्या सीटवर तर मुले बसायची होती.

घराच्या गाडीची निवड ही शोरूममध्ये होते असे वाटते. प्रत्यक्षात ती बसस्थानकावर आधीच झालेली असते, आणि इथे मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्या वाटा फुटतात. धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातल्या मनावरएवढ्या गावात शाळेचा विचार करताना घरचे लोक आधी एसटीचे वेळापत्रक आठवतात. विद्यार्थ्यांना पासात दोन-तृतीयांश सवलत, आणि मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून शाळेपर्यंतचा प्रवास फुकट. मध्य प्रदेशाने आपले राज्य परिवहन महामंडळ गुंडाळण्याचा निर्णय २००५ मध्ये घेतला. त्यानंतर रस्ते खासगी बसवाल्यांचे झाले. खासगी बस तिथेच धावते जिथे दिवसभर प्रवासी मिळतात. सकाळी सातला तीस मुले आणि दुपारी दोनला तीच तीस मुले, मधे काही नाही, असा मार्ग तिला परवडत नाही. म्हणून ज्या घराला महाराष्ट्रात एका पासावर भागवता आले असते, ते इथे स्कूटरच्या हप्त्यात अडकते. एप्रिल २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने ‘मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा’ मंजूर केली आहे. ती मनावरच्या शाळांच्या वेळेला धरून धावली तर या लेखातली बरीच आकडेमोड बाद होईल.

तोवर आकडेमोड करूच.

शाळा घरापासून पाच किलोमीटर धरा. पालक मुलाला सोडतो आणि रिकामा परततो, दुपारी रिकामा जातो आणि मुलाला घेऊन येतो. मुलाचा प्रवास दहा किलोमीटरचा, गाडीचा वीस. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस शाळा सांगितली आहे. वीस गुणिले २२०, म्हणजे ४,४०० किलोमीटर. स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०६ रुपये लिटर असे धरले तर वर्षाला सुमारे दहा हजार चारशे रुपये. त्याच फेऱ्या मोटारीने केल्या, गावातल्या रस्त्यावर तिने लिटरला चौदा दिले, तर तेहतीस हजारांच्या वर. विजेवरच्या स्कूटरला किलोमीटरमागे चार्जिंगच्या गळतीसह ३५ वॉट-तास लागतात आणि युनिट सात रुपयांना पडते असे मानले तर वर्षाचा खर्च अकराशेच्या आत राहतो. रोज वीस किलोमीटर, रात्री घरीच चार्जिंग, ठरलेला रस्ता: विजेच्या स्कूटरला याहून सोयीचे काम सापडणे कठीण. जाता जाता, पीथमपूरच्या जुन्या कायनेटिक होंडा ‘डीएक्स’चे नाव २०२५ मध्ये कायनेटिकने विजेच्या स्कूटरवरच परत आणले आहे.

या हिशेबात न दिसणारी रक्कम म्हणजे वेळ. दोन फेऱ्यांत रोजचा तास-सव्वा तास जातो, आणि तो बहुतेक घरांत आईचा जातो. दुकान, शेती, नोकरी यांच्यात तो तास कुठून काढायचा हे ज्या घरात ठरत नाही, तिथे मूल दुसऱ्याच्या गाडीत बसते. मनावरसारख्या गावात खरी ‘फॅमिली कार’ तीच: भाड्याची ईको, मॅजिक, तूफान किंवा शाळेची बस. आश्चर्य हे की घरची गाडी निवडताना महिनाभर रंगावर वाद घालणारे लोक मुलाला रोज ज्या गाडीत बसवतात तिचे टायरसुद्धा पाहत नाहीत.

ते पाहण्याचे कारण इथल्या लोकांना चांगले ठाऊक आहे. ५ जानेवारी २०१८ रोजी इंदूरच्या बायपासवर एका नामांकित शाळेची बस दुभाजक ओलांडून समोरच्या ट्रकवर आदळली. चार मुले आणि चालक गेले. त्याच्या वीस वर्षे आधी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, दिल्लीत वजीराबादजवळ शाळेची बस यमुनेत कोसळली होती. त्या अपघातानंतर सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बससाठी नियम घालून दिले: वेगनियंत्रक, ताशी चाळीसची मर्यादा, किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला चालक, गाडीवर ठळक अक्षरांत शाळेची ओळख. पिवळा रंग आपण अमेरिकेकडून घेतला. तिथे १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका परिषदेत तो ठरला, कारण पहाटेच्या अंधुक उजेडात त्यावर काळी अक्षरे लवकर दिसतात. महाराष्ट्राने २०११ मध्ये शाळेच्या बससाठी स्वतंत्र नियमावली केली आणि प्रत्येक शाळेत परिवहन समिती बंधनकारक केली. मध्य प्रदेशात इंदूरच्या अपघातानंतर दाखल झालेल्या याचिकांवर उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने डिसेंबर २०२४ मध्ये सविस्तर निर्देश दिले. बारा वर्षांहून जुनी बस शाळेसाठी चालणार नाही, बसमध्ये जीपीएस आणि सीसीटीव्ही हवा, आणि ऑटोत चालकाखेरीज तीनच मुले.

तीनच मुले! हा आकडा वाचून कुठल्याही गावातला पालक हसेल. ऑटोवाल्याचे गणित मुलामागे ठरते; आठ-दहा मुले घेऊन महिन्याला जे सुटते ते तिघांत सुटायचे तर फी तिप्पट व्हायला हवी. म्हणून हा नियम पाळायचा की नाही हे शेवटी पालकाच्या खिशावर येऊन थांबते. रिक्षाकाकाला दोष देणे सोपे आहे, पण कमी मुलांची रिक्षा मागणारा आणि तिचे पैसे मोजणारा पालक किती जणांनी पाहिला आहे?

व्हॅनबाबत एक गोष्ट मात्र पैशाबाहेरची आहे. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी नोंदणीची ईको भाड्याने मुले वाहत असेल तर ती बेकायदा आहेच, शिवाय अपघात झाल्यावर विमा कंपनी हात झटकू शकते. पिवळी पाटी आणि परवाना नसलेल्या व्हॅनमध्ये मूल बसवणे म्हणजे विम्याविना बसवणे. शेजारचा ओळखीचा चालक असला म्हणून यात फरक पडत नाही.

आता घरच्या दुचाकीकडे. कायद्याच्या लेखी ती दोघांची आहे: चालक आणि मागे एक. आई, मूल आणि धाकटे मूल हे चित्र देशभर रोज दिसत असले तरी नियमबाह्यच. केरळने २०२३ मध्ये रस्त्यांवर कॅमेरे बसवल्यावर हा प्रश्न इतका पेटला की बारा वर्षांखालच्या तिसऱ्या स्वारासाठी सवलत मागितली गेली. केंद्राने ती दिली नाही. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम लागू झाला: चालकाला बांधलेला पट्टा, मापाचे हेल्मेट आणि गाडीचा वेग चाळीसच्या आत. हा पट्टा ऑनलाइन सहज मिळतो. तो बांधलेले मूल मनावरातच काय, पुण्यातही क्वचित दिसते. पायाशी उभे केलेले मूल मात्र सर्वत्र दिसते. अचानक ब्रेक लागला की सर्वांत आधी हँडलवर आपटते ते तेच.

दप्तराचेही तसेच. २०२०च्या दप्तर धोरणाने त्याचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावे असे सांगितले. प्रत्यक्षात स्कूटर निवडताना पाय ठेवायची जागा सपाट आणि रुंद आहे का, तिथे दप्तर आणि डबा नीट बसतो का, आणि सीटखाली मुलाचे हेल्मेट मावते का, हे तीन प्रश्न अश्वशक्तीपेक्षा महत्त्वाचे ठरतात. मोटारसायकल शाळेसाठी गैरसोयीची ती याच कारणाने.

मूल सहावीत गेले की या सगळ्यातून सुटका देणारे वाहन घरात यायला हवे, आणि ते सर्वांत स्वस्त आहे. मध्य प्रदेश सरकार दुसऱ्या गावातल्या, ठरावीक अंतरावरच्या सरकारी शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींना सहावी आणि नववीच्या प्रवेशाला सायकल देते. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली दिल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी या योजनेचा अभ्यास केला तेव्हा माध्यमिक शाळेत योग्य वयात नाव असलेल्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेले आढळले. कुठल्याही मोटारीने एवढे शिक्षण वाहून नेलेले नाही. तरी खासगी शाळेच्या पालकांच्या यादीत सायकल नसते. गरिबीची खूण हे एक कारण, आणि ट्रक हे दुसरे. पहिले कारण टाकाऊ आहे. दुसरे खरे आहे: सिमेंट आणि शेतमालाची अवजड वाहतूक ज्या रस्त्याने चालते त्या रस्त्यावर अकरा वर्षांचे मूल सायकलवर सोडायला छाती लागते. शाळा आतल्या रस्त्याने गाठता येत असेल तर सायकल, नसेल तर बस. या वयासाठी घराने तिसरे वाहन विकत घेऊ नये.

नववीत खरा धोका सुरू होतो. दोन शिकवण्या आणि शाळा यांची कसरत जमवायला घरचे ‘गावातल्या गावात’ म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती अ‍ॅक्टिव्हाची किल्ली देतात. कायदा सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा परवाना देतो, आणि तशी पेट्रोलची गाडी आता बाजारात जवळपास उरलेली नाही. सप्टेंबर २०१९ पासून अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. पळवाट एकच: अडीचशे वॉटच्या आतली, ताशी पंचविसाच्या वर न जाणारी विजेची स्कूटर. तिला परवानाही लागत नाही आणि नोंदणीही. कायद्याच्या चौकटीत ती बसते, पण खरेदीच्या वेळी ‘नंतर वेग वाढवून देतो’ असे कुणी म्हणाले तर तिथून उठून यावे. वेग वाढवला की ती मोटार वाहनच होते आणि वरचा दंड लागू होतो. थोडे थांबले तर सरकारही स्कूटर देते: २०२३ पासून सरकारी शाळेत बारावीला पहिल्या आलेल्यांना मध्य प्रदेशात स्कूटी मिळते, एकेका वर्षी सात हजारांहून जास्त मुलांना. तोवर ती अठरा वर्षांची झालेली असतात किंवा होत आलेली असतात.

मग मोटार कधी? उत्तर बहुधा उशिरा, आणि रोजच्या शाळेसाठी तर नाहीच.

मोटार हवी ती लांबच्या, अधूनमधूनच्या प्रवासांसाठी. मूल नवोदयला लागले तर धार जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय मुलथानला, बदनावरच्या बाजूला, मनावरपासून शंभर किलोमीटरहून लांब. सहावीपासून मूल वसतिगृहात. रोजच्या ने-आणीचा प्रश्न एका दिवसात संपतो आणि भेटीच्या दिवशीचा सुरू होतो. अकरावीला इंदूर गाठणाऱ्या मुलांचेही तेच. पवारांच्या धार-देवासातल्या आणि होळकरांच्या इंदुरातल्या मराठी घरांचे एकमेकांशी सोयरसंबंध जुने. मावशीकडे किंवा आत्याकडे राहून शिकणे ही इथली मुरलेली रीत. मूल मावशीकडे असो की वसतिगृहात, दर दोन-तीन आठवड्यांनी गादी, बादली, लोणच्याच्या बरण्या आणि दोन माणसे घेऊन घाट चढायचा असतो. हे काम मोटारीचे.

आणि घाट उतरायचाही असतो. धामनोदच्या वरचा गणपती घाट हा इंदुरातून निमाडात उतरणाऱ्यांचा कुप्रसिद्ध टप्पा. ब्रेक निकामी झालेले ट्रक तिथे वर्षानुवर्षे गाड्यांवर आदळत आले, शेवटी २०२४च्या अखेरीस उताराला पर्यायी मार्ग सुरू झाला. त्याच रस्त्यावर पुढे खलघाट लागतो. जुलै २०२२ मध्ये इंदूरहून अमळनेरला निघालेली महाराष्ट्राची एसटी तिथल्या पुलावरून नर्मदेत कोसळली होती. या रस्त्याने मुलाला आणायचे असेल तर मोटार पाहताना पडद्याच्या आकाराआधी एअरबॅग, एबीएस आणि मागच्या सीटचे पट्टे पाहावेत. उद्योगपती सायरस मिस्त्री सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ मागच्या सीटवर पट्टा न लावता गेले, तेव्हा मागेही पट्टा असतो ही गोष्ट अनेक घरांना पहिल्यांदा कळली. चौदा वर्षांखालचे मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना बसवले तर हजार रुपये दंड आहे. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप या अपघातसुरक्षेच्या चाचणीत गाड्यांना मुलांच्या सुरक्षेसाठी ४९ पैकी वेगळे गुण मिळतात. विक्रेता मोठ्यांचे तारे दाखवतो. मुलांचे गुण आपण विचारावे लागतात.

सात आसनांचा मोह इथे हमखास आडवा येतो: दोन मुले, आई-बाबा, आजी-आजोबा आणि सातवी जागा पाहुण्याला. २०१२ मध्ये आलेल्या अर्टिगाने हा मोह घराघरांत पोहोचवला आणि ट्रायबरने २०१९ मध्ये तो चार मीटरच्या आत बसवला. कागदावर सगळे जमते. पण तिन्ही रांगा उभ्या असताना ट्रायबरची डिकी ८४ लिटरची, अर्टिगाची २०९ लिटरची. मुलाची गादी ८४ लिटरमध्ये जात नाही. म्हणजे सात माणसे किंवा सामान, यांपैकी एक. ज्या घरात आजी-आजोबा खरोखर दर आठवड्याला सोबत निघतात त्यांनी सात आसने घ्यावीत. वर्षातून चार वेळा निघत असतील तर त्या चार दिवसांसाठी तूफान भाड्याने मिळते, चालकासह. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारींवर जीएसटी १८ टक्के आहे आणि त्याहून मोठ्यांवर ४० टक्के. पाहुण्याच्या जागेचा करही त्यात मोजून पाहावा.

वेळेचे गणित लावायचे तर थोरले मूल आठवी-नववीत असताना घेतलेली मोटार सर्वांत जास्त उपयोगी पडते. तेव्हा तिचा रोजचा वापर कमी, पण पुढच्या दोन-तीन वर्षांत इंदूरच्या फेऱ्या सुरू होतात आणि धाकट्याच्या टप्प्यालाही ती पुरते. मूल बालवाडीत असताना घेतलेली मोटार बहुधा त्याची दहावी होईतो थकते आणि घाटाच्या वेळेला दुरुस्तीवर येते. ज्यांना त्याआधी हवीच आहे त्यांनी चार-पाच वर्षे वापरलेली छोटी मोटार घ्यावी आणि नववीला ती बदलावी. पहिल्या वर्षांतली घसरलेली किंमत दुसऱ्या कुणी भरलेली असते.

राहता राहिली ती दुसऱ्याची गाडी, ज्यात मूल उद्या सकाळी बसणार आहे. पालकांनी एवढे करावे: शाळेच्या बसचा किंवा व्हॅनचा क्रमांक लिहून घ्यावा आणि ‘एमपरिवहन’ या सरकारी अ‍ॅपमध्ये टाकावा. नोंदणीचे वर्ष, फिटनेस आणि विमा कुठवर आहे ते समोर येते, पैसे लागत नाहीत. मनावरमध्ये तो क्रमांक बहुधा एमपी ११ ने सुरू होईल.